पाचव्या दिवशी

नीलमनगरात नळ पाचव्या दिवशी बोलतो.
आधी खाकरतो, मग नुसती हवा सोडतो,
मग पाणी.
हे मला लहानपणापासून माहीत.
माणसाचंही असंच असतं, हे
चिन्नी अडीच महिन्यांची झाली तेव्हा कळलं.

पहिला दिवस. दुपटी ओली, पण दुसरं काही नाही.
दुसरा दिवस.
तिसऱ्या दिवशी टॉवेलच्या मागावर उभा राहून
मी धोट्याला विचारत होतो,
झाली का? खट्. झाली का? खट्.
दोनदा ताणा तुटला. मुकादम म्हणाला,
यमुल, लक्ष कुठंय?
काय सांगणार. लक्ष
वीतभर पोटात होतं.

गल्लीला सगळं ठाऊक.
बोल्ली काकू एरंडेलाची बाटली घेऊन आल्या, झाकण उघडूनच.
गड्डमबाईंनी विड्याच्या पानाचं देठ तेलात बुडवलं.
कुणी म्हणालं मध.
कुणी म्हणालं, त्रेचाळीस डिग्री ऊन,
लेकराला चमचाभर पाणी तरी पाजा की ओ!
लावण्या ऐकत राहिली.
पान, तंबाखू, दोरा. पान, तंबाखू, दोरा.
मग विड्यांचं सूप बाजूला सारलं
आणि हात धुतले.

हे जरा थांबून सांगायला हवं.
पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या घरात
तिनं एक कळशी वेगळी ठेवलीय.
तिला कुणी शिवायचं नाही.
साबण मनगटापर्यंत, नखांतल्या तंबाखूसाठी
जुना ब्रश, पुन्हा साबण,
गाऊन बदलायचा,
मग पोरगी छातीशी.
एकदा म्हणालो, पाणी संपेल.
तिनं असं पाहिलं
की त्या दिवशी मी अंघोळ केली नाही.

चौथ्या दिवशी दवाखाना. मुलाणी सिस्टर.
पिते का? पिते.
सू किती वेळा? सात-आठ.
हिरवं ओकते? ताप? नाही, नाही.
तिनं पोटावर बोटं ठेवली,
चादरीचा पोत बघतात तशी.
"मऊ आहे. अंगावरचं दूध बहुतेक सगळं अंगी लागतं,
उरतच नाही तर बाहेर काय येणार?
एरंडेल नको, देठ नको, मध नको,
सहा महिने पाणीसुद्धा नको.
पोट फुगलं, कडक लागलं, पिणं सोडलं
तर मात्र रात्री बाराला या."
मग माझ्याकडे वळून,
"आणि तुम्ही काय करता?"
मी म्हणालो, टॉवेल.
"घरी काय करता, विचारतेय."

तेव्हापासून ढेकर माझ्याकडे.
खांद्यावर सेकंड मालाचा टॉवेल, टॉवेलावर चिन्नी,
तळहात जरासा पोकळ.
पाळी सुटली तरी कानांत माग चालू असतो,
हात त्याच तालावर पळू बघतो.
मी त्याला सांगतो, हळू.
इथं मीटरवर मजुरी नाही.
मग तिला पाठीवर निजवून सायकल,
गुडघे पोटाशी, सोड, पोटाशी, सोड.
ती माझ्याकडे बघत राहते,
नव्या कामगाराकडे मालक बघतो तसं.

पाचव्या दिवशी पहाटे तीनला नळ खाकरला.
लावण्या घागरी घेऊन धावली.
माझी सायकल चालूच होती.
आणि आधी हवा,
मग आणखी थोडी हवा,
मग
पिवळंधमक, मोहरीच्या कण्यांसारखं,
दुपट्यातून टॉवेलावर, टॉवेलातून थेट माझ्या कोपरापर्यंत.

मी ओरडलो, आलं!
गल्लीला वाटलं, पाणी.
दारं उघडली, हंडे वाजले.
बोल्ली काकू आत डोकावल्या, म्हणाल्या,
"एरंडेल न देताच?"
आणि जराशा हिरमुसून रांगेत परत गेल्या.

लावण्यानं सगळ्यात आधी ती कळशी भरली.
जागेवर ठेवली.
मग माझ्या हाताकडे बघून
तिच्यातलंच दोन तांबे पाणी
माझ्या कोपरावर ओतलं,
आणि कमी पडलं तेव्हा
तिसरा.