हजेरी

दुसरी ‘ब’. मखमलाबाद. सव्वीस मुलं, एक फळा,
आणि परवा बकरीनं खाल्लेलं हजेरीचं पान.

गोष्ट तीच घेतली. दुसरी कुठून आणू?
म्हटलं, आज ही गोष्ट बकरीनं सांगायची.
दुर्वा पुढे आली, गळ्यात दप्तराचा पट्टा दोरीसारखा:
‘एक होती बकरी –’
अगं, बकरी स्वतःला ‘एक होती’ म्हणेल का?
ती थांबली. आवाज न करता ओठ हलवून पाहिले.
‘मी,’ म्हणाली. ‘मी आले. दार उघडं होतं.
टेबलावर पांढरा पाला होता,
पाल्यावर निळ्या मुंग्या.
मुंग्यांसकट खाल्ला. जरा कडू लागला.’

वर्ग हसला. मीही.
पण मला जे शिकवायचं होतं
ते तिच्या पाल्यापाशी माझ्याआधीच पोचलं होतं.

मग शिपाईमामांच्या बाजूनं अल्फिया.
तिच्या गोष्टीत बकरी तिसऱ्या वाक्याला आली,
आधीची दोन वाक्यं गुडघा दुखत होता.
सुमेधनं मोठ्या सरांचा आवाज काढला,
तो इथं लिहीत नाही.

‘बाई, पण खरी गोष्ट कुठली?’

गेल्या महिन्यात गोदाकाठी गेलो होतो, आठवतं?
दुतोंड्या मारुती. पूर किती आला ते
लोक त्याच्या अंगावर मोजतात,
गुडघ्याला लागला, कमरेला, छातीला.
त्याच्या एका तोंडाला काय दिसत असेल?
‘येणारं पाणी.’
आणि दुसऱ्या?
‘गेलेलं.’
मग नद्या किती?
‘एकच!’ सगळे ओरडले.
ओजस म्हणाला, ‘त्याची मान दुखत असेल.’

खंडू बेंडकुळे शेवटच्या बाकावर.
पेठकडचा. द्राक्षांच्या कामाला आईबापाबरोबर
गिरणाऱ्याच्या बागांतून हिंडतो,
मधेच येतो, मधेच नसतो.
त्यानं हात वर केला नाही. नुसता बोलला:
‘बकरीनं माझे गै खाल्ले.’

खरंच की. त्याच पानावर, त्याच्या नावापुढे
तांबड्या शाईत ओळीनं गै, गै, गै,
मीच लिहिलेले, रोज अकराला, मान वर न करता.
मग तू सांग, म्हटलं. तुझ्या बाजूनं.

उभा राहिला. बोटांवर मोरचुदाचा निळा डाग.
‘मी होतो,’ म्हणाला.
‘मांडवाखाली होतो. वर पानं,
पानांतून ऊन पडतं चिल्लर सांडल्यासारखं.
बहीण झोळीत. तिला झोका देत होतो.
पाढे म्हटले सातापर्यंत. आठाचा येत नाही.
मी रोज होतो, बाई.
तुम्हीच नव्हता.’

कुणी हसलं नाही.
बाहेर टाकीचा नळ कुणीतरी उघडा ठेवला होता,
तेवढाच आवाज.

टाचणवहीत लिहावं लागतं.
साहित्य: एक बकरी.
उद्दिष्ट: ‘मी’ हा शब्द प्रत्येकाच्या हातात एकदा देणे.
निष्पत्ती, पुढे दोन टिंबं,
ती तशीच राहिली.

शाळा सुटल्यावर नवं पान आखलं.
सव्वीस नावं पुन्हा लिहिली, जुन्या तारखा आठवून भरल्या.
खंडूच्या रांगेत पेन थांबलं.
हजेरीची चौकट केवढी, तांदळाच्या दाण्याएवढी,
तिच्यात एक मांडव, एक झोळी
आणि सातापर्यंतचे पाढे कुठून मावणार.

‘गै’च लिहिलं शेवटी. नियम आहे.
पण पेन खाली ठेवून
पेन्सिलीनं.

आणि निघताना फळ्याच्या कोपऱ्यात
उद्यासाठी: आठ एके आठ.