चिरल्यावर चाळीस मिनिटं

नॉरिचमध्ये नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
डोरीन ब्लायथनं कुंपणावरून दिलेला केल
ओट्यावर पसरलाय,
जांभळा, कुरळा, भोकंभोकं पडलेला.
‘यंदा फवारणी केली नाही,’ ती म्हणाली,
कुणी ‘उपास सोडले’ म्हणावं तसं.

अकरा वर्षं मी याच पानांचा लगदा
नळ्यांत भरून गरगर फिरवला,
बाटल्यांवर तारखा चिकटवल्या.
म्हणून माहीत आहे,
अखंड पानात औषध नसतंच.
एका कप्प्यात कडू,
शेजारच्या कप्प्यात कडूला फोडणारं,
आणि मध्ये पडदा.
अबोला धरलेल्या दोन जावा.
सुरी लागते, पडदा फाटतो,
आणि दोघी एकदम बोलायला लागतात.
तो झणका.

तो आपल्यासाठी नसतो. अळीसाठी असतो.
आपण उगाच मध्ये तोंड घालतो
आणि आपल्या पेशी, भाबड्या,
दारात कुणी आलं म्हणून दचकून उठतात,
कडी लावतात, कंदील घेऊन
खोली न् खोली तपासतात,
कुठे जळतंय का, कुठे गंज चढलाय का.

याहून जास्त मी कधी कुणाला सांगितलं नाही.
आकडे तेवढंच म्हणत होते.
‘म्हणजे मी मरणार नाही?’ डोरीननं विचारलं.
‘मरशील. पण केल चांगला आलाय.’
ती खो खो हसली
आणि आणखी एक जुडी उपटून दिली.

घाईनं उकळत्या पाण्यात टाकला
तर फोडणारं आधी मरतं,
कडू तसंच राहतं, मुकं.
म्हणून चिरायचं आणि थांबायचं.
हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा
प्रयोगशाळेत एकटीच हसले होते.
चिपळूणला, परसात, दादा
लोणच्याची मोहरी फेसायचे,
पाण्याचा हबका मारत,
नाकाला पंचा, डोळ्यांना धार.
मी बोट पुढे केलं की म्हणायचे,
‘थांब. अजून चढली नाही.’
बाकी कशातच धीर नव्हता त्या माणसाला,
ना एसटीच्या रांगेत,
ना आईचं वाक्य पुरं होईपर्यंत.

एकोणीस मिनिटं झाली.
ढिगातून एक हिरवी अळी वर येते,
सुरीपासून बोटभर अंतरानं वाचलेली.
तिला झणक्याचं काही नाही.
तिच्या कुळानं तो पचवायला
केव्हाच शिकून घेतलंय,
आणि पानानं, बहुधा,
नवा काहीतरी बेत धरला असेल.
देठासकट उचलून तिला
डोरीनच्या बाजूच्या कुंपणावर ठेवते.
सांगणार नाही.

कढई अजून थंड. खिडकीवर वाफ नाही.
चिमूटभर केल तळहातावर चुरडून
नाकाशी नेते,
आणि डोळ्यांत टचकन पाणी येतं.

चढतोय.