शून्य प्रहर

साक्रीत, पंक्चरच्या दुकानात
मोबाइल जुन्या टायरला टेकवलेला.
खासदार उभे राहिले. वेळ तीन मिनिटं.
"गट एकशे चौदा, बारा एकर.
कसतो दगा मालचे.
सातबाऱ्यावर मात्र वन."

सायत्राबाई पुटपुटली, "तीनच शेतस."

तिकडे मागच्या बाकावर कोणी हसलं :
दगा? कोणी दिला?
नाव आहे, महोदय, आमच्याकडचं,
पोरं जगत नाहीत तेव्हा ठेवतात,
म्हणजे यम फसतो…
सांगता सांगता घंटा झाली.
माइक गेला.
ओठ हलत राहिले जरा वेळ.

दगानं बिडी टायरवर विझवली.
चाळीस वर्षं तलाठ्याकडे हेलपाटे,
नाव असं का,
हे कोणी विचारलं नव्हतं.

"चाल," म्हणाला बायकोला,
"नाल्याकडचं निंदायचं राहिलंय."