वीतभर काजळी

जपून. तिसरी पायरी हलते.
अठरा वर्षं हलतेय, अठरा वर्षं मी सांगतोय,
डोंगराला आता दोन्हीची सवय झालीय.

किल्ली माझ्या गळ्यात. कुलूप कैरोहून आलेलं.
आत वीज नाही, म्हणून हा आरसा.
लग्नातल्या कपाटाचा आहे. कपाट वाळवीनं खाल्लं, हा उरला.
तुम्ही आत व्हा.
मी दारात उभा राहून
ऊन आत फेकतो.

तो बघा, सुभेदार.
चार हजार वर्षं एकच पाऊल पुढे टाकून उभा.
हातात काठी, कमरेला पांढरं वस्त्र,
आणि पायाशी, त्याच्या पोटरीएवढी, बायको.
थांबा, आरसा कलता करतो.
बदकांचा थवा. जाळं ओढणारे सहा जण,
त्यातला टकला मान वळवून कुणावर तरी खेकसतोय.
आमच्या नाववाल्या अतियाचा चेहरा, हुबेहूब.
अतियाला सांगू नका. भाडं वाढवेल.

चौकटीवरची चित्रं-अक्षरं मला येत नाहीत.
साहेब लोक वाचून दाखवतात, ऐकून ऐकून पाठ झालीत :
माझ्या काळात कुणी उपाशी निजलं नाही.
विधवेचं शेत मी घेतलं नाही.
माझी बायको एकदाच वर आली होती,
भाकरी आणि कांदा घेऊन.
तिनं ऐकलं, पदर झटकला,
म्हणाली, हे त्या विधवेनं लिहिलंय का?

आता हे कुठे लिहिलेलं नाही, मीच सांगतो.
गावात पटकी आली त्या साली
माझ्या बापाची थोरली बहीण नबविया, वय वर्षं चौदा,
पाठची चार भावंडं आणि एक शेळी घेऊन
ही चढण चढली.
आईबाप खाली, एका दिवसाच्या अंतरानं गेलेले.
ह्या खांबाशी तिनं तीन दगडांची चूल मांडली.
जळण म्हणजे उसाचं पाचट, सुकलेलं शेण,
पत्र्याच्या तुकड्यावर भाकऱ्या.
त्या भिंतीवर कणीक मळणारी एक बाई आहे ना,
तिला नबविया ‘शेजारीण’ म्हणायची.
म्हणायची, शेजारणीचं पीठ कधी संपत नाही,
आणि कधी उसनंही देत नाही मेली.

पाच जण वर आले. खाली चौघं उतरली.
शेळी धरली तर पाच.

मागच्या हिवाळ्यात मॅडम इन्साफ आल्या,
कापसाचे बोळे, बाटल्या, डोक्याला दिवा.
सात महिने उताण्या पडून छत पुसत होत्या.
एके दिवशी आभाळ निघालं.
गर्द निळं, वर पिवळ्या चांदण्या, पाच-पाच टोकांच्या,
कालच कुणी रंगवल्यासारख्या.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या,
खोटं कशाला बोलू, सुंदरच आहे.
काळे बोळे बादलीत पडायचे, टप्, टप्.
एकेक बोळा म्हणजे किती भाकऱ्या, ह्याचा मी हिशेब करायचो.
बादली रिकामी करायचं काम माझं.
ती कुठे करायचो, ते विचारू नका.

त्या कोपऱ्यात, वर,
वीतभर चौकोन त्यांनी काळाच ठेवलाय.
म्हणाल्या, नियम आहे, अब्दुलआल,
आधी मळ केवढा होता त्याची साक्ष राहायला हवी.
मळ हा त्यांचा शब्द.
बाई चांगल्या. जाताना माझ्या गुडघ्यासाठी मलम देऊन गेल्या.

लोक चांदण्यांचे फोटो काढतात. काढा, तुम्हीही काढा.
मी ऊन हळूहळू फिरवतो :
सुभेदार, बदकं, शेजारीण, आभाळ.
आणि शेवटी, निघता निघता,
एक झटका त्या कोपऱ्याकडे.
बघणाऱ्यांना वाटतं,
म्हाताऱ्याचा हात हलला.