सापडत नाही ते बरं

भैरोबा नाल्याच्या अलीकडे, भिंतीच्या आत,
पहाटे साडेचारला तबेला जागा असतो.
ओलं गवत, मूत, चहा
(लतीफभाईंचा बिनसाखरेचा),
आणि घोरपडीकडून शंटिंगची एखादी शिटी.

मी मशीन उघडते, वायरींचा गुंता सोडवते.
घोडीचं कागदावरचं नाव लांबलचक, इंग्रजी,
आईबापांच्या नावांसकट.
लतीफभाई तिला चिमणी म्हणतात.
साडेचारशे किलोंची चिमणी.

"डावा पुढचा," ते म्हणतात, "परवापासून बोलतोय."
लंगडत नाही ती. ट्रेनरला काही दिसलं नाही.
मोतद्दाराच्या बोटांना दिसलं.
खुराच्या वर, मागच्या अंगाला, शीर हाडावरून उतरते तिथं
अंगठा आणि तर्जनी,
दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं.
"चांगल्या घोड्याची नाडी सापडत नाही, म्याडम.
सहज सापडायला लागली
की समजायचं, आत काहीतरी पेटलंय."

आमच्या पुस्तकात याला दीड पान लागलंय.

तळहाताएवढे केस काढले. स्पिरिट. गार जेल.
माशी बसल्यासारखी कातडी थरथरली.
गुंगीचं इंजेक्शन नको, त्यानं रक्ताची चाल बदलते.
म्हणून लतीफभाई तिच्या कानाशी
काहीबाही सांगत उभे.
काय, ते मी कधी विचारलं नाही.
पगार, जावई, असंच असावं.

ट्यूबलाइट काचेवर चमकते,
म्हणून डोक्यावरून घोंगडं घेते,
जुन्या फोटोवाल्यासारखं.
आत काळोख, आणि तिचा पाय.
गुडघ्याखाली घोड्याला मांस नसतंच,
दोरखंड, हाडं, कातडं,
आणि त्यातून
माझ्याकडे येतं ते तांबडं,
माझ्यापासून जातं ते निळं.
रंग खोटे आहेत.
मशीनला फक्त येणं-जाणं कळतं.

आवाज मात्र खरा:
लांब कुणीतरी खराट्यानं अंगण झाडतंय.
तिनं वजन दुसऱ्या पायावर टाकलं, लाट बदलली.
परत या पायावर घेतलं, परत बदलली.
मिनिटाला अठ्ठेचाळीस. छत्तीसच्या आसपास हवेत.
उजव्या पायात झाडलोट नेहमीची,
डाव्यात घाईची.
रविवारची शर्यत गेली.
मालकाला फोन मी करीन.

"माझापण बघा की," लतीफभाई म्हणाले,
"एकतीस वर्षं यांच्यासंगं उभाच आहे."
चप्पल काढली.
करंगळीशी जखम, हळद भरलेली.
"नाल लागली होती, गणपतीत."
दिवाळी होऊन गेली होती.

मी पावलावर बोटं ठेवली.
सरकवली. जरा डावीकडे. जरा वर.
"सापडत नाही ना?" ते हसले.
"म्हणजे मी चांगला घोडा."

मी हसले नाही.
माणसाचं उलटं असतं,
हे लगेच सांगता आलं नाही.
जेलची बाटली पुन्हा हलवली.

आता घोंगड्याखाली आम्ही दोघं,
वरून चिमणीनं नाक खुपसलेलं.
खराटा नव्हता.
फार लांब, ओल्या मातीतून
कुणी एकच काडी ओढत होतं, थांबत थांबत.
काचेवर एक तांबडा ठिपका, तोही गेला.

"मी जनावरांची डॉक्टर," म्हटलं, आणि चिठ्ठी लिहिली.
ससून. आज. उद्या नाही.
वय विचारलं.
"चिमणीचं? पाच."

चिठ्ठीची घडी करून त्यांनी
खराऱ्याच्या डब्यात टाकली.
मी काढली, त्यांच्या खिशात कोंबली.
बर्फाचं मी बघते, तुम्ही रिक्षा बघा.

फाटकापर्यंत जाऊन ते परत आले,
एक चप्पल घासटत.
"पाणी ओतायच्या आधी
तिला सांगा," म्हणाले. "दचकते ती."