नऊ फूट आठ इंच

माग भंगारात गेला त्या दिवशी
खोलीत उरली नऊ फूट आठ इंच जागा,
फरशीवर तेलाचे चार काळे डाग
आणि माझ्या कानातला खडखडाट,
तो मात्र भंगारवाल्यानं तोलला नाही.

राजव्वा म्हणाली, इथं आता कपाट ठेवू.
मी म्हणालो, होडी.
विडीचं पान कापता कापता तिची कात्री थांबली.
तिनं माझ्याकडं बघितलं
आणि परत कापायला लागली.

मैनोद्दीनचं म्हणणं सोपं : ट्रॅक्टरची ट्यूब घे बे,
पंक्चर माझ्याकडं फुकट.
इरण्णा वीस वर्षं थर्माकोलवर बसून जाळं टाकतो,
बूड कायम ओलं.
तो म्हणाला, गुळाची काहील बघ एखादी जुनी,
गरगर फिरते, पण बुडत नाही.
बसलोही एकदा काहिलीत.
तळ्याच्या मधोमध तिनं मला
चारी दिशांना तोंड करून दाखवलं
आणि मासा पाचव्या दिशेला उडाला.

मग पुण्याच्या दुकानदाराचा फोन.
आत बसायची पाहिजे की वर बसायची?
वल्हं मारणार की पायानं पेडल?
बारा फुटी सरळ जाते,
आठ फुटी पटकन वळते, पण वाऱ्यात भटकते.
उभं राहून गळ टाकणार असाल तर रुंद घ्या.
वजन किती तुमचं?
वजन सांगितलं. वय त्यानं विचारलं नाही.
मी एवढंच विचारलं,
नऊ फूट आठ इंचांत बसेल का?
तो म्हणाला, इतका लहान तलाव आहे?

साडेनऊ फुटी आली, शेवाळी रंगाची.
टेम्पोमागं गल्लीतली पोरं.
कुणी म्हणालं, पाण्याची टाकी आडवी पडली.
मी तिच्या दोन्ही टोकांवरून हात फिरवला.
दोन्हीकडं निमुळती, मध्ये पोकळ,
जिथं कांडी बसते तिथं
एक माणूस बसेल एवढी जागा.
एकतीस वर्षं हीच वस्तू हातात होती,
फक्त वीतभर होती, आणि धोटा म्हणायचो.

कुंभारीच्या पुढं एक पाझर तलाव आहे.
एका काठाला पाणकणीस, एका काठाला बेशरम.
सकाळी सहाला मी या काठावरून त्या काठाला,
त्या काठावरून या काठाला.
सवयीनं मागं वळून बघत होतो
दोरा तुटला तर नाही.
पाणी लगेच मिटत होतं.
कापड होत नव्हतं
आणि कुणी मीटर मोजत नव्हतं.

मरळ बेशरमीच्या मुळाशी असते.
रबरी बेडूक तिच्या डोक्यावरून
टुकटुक ओढत न्यायचा,
भूक नसली तरी रागानं धरते.
तीनदा टाकला. चौथ्यांदा हात उचलला तर
समोर पाणी लाल उकळलं :
तिची पिलं, हजारभर,
एक गोळा होऊन श्वास घ्यायला वर आलेली.
खाली एक जाड सावली. हलेना.

इरण्णा पलीकडून ओरडला,
टाक की बे, काय बघायलास! आत्ताच धरते ती!

आत्ताच धरते, हे मलाही ठाऊक होतं.
पिलांवरून काही गेलं की ती विचार करत नाही.
संपाच्या दिवसांत, पोरं आत झोपलेली,
राजव्वानं उंबऱ्यात
वसुलीवाल्याची कॉलर अशीच धरली होती.
त्याची दोन बटणं कितीतरी दिवस
आमच्या सुईदोऱ्याच्या डबीत होती.

मी बेडूक गुंडाळून घेतला.
इरण्णानं शिवी दिली,
तेलुगूत, मला नीट लागावी म्हणून.

घरी दोन चिलाप्या आणल्या, त्याही त्याच्याच.

होडी आता तेलाच्या डागांवर असते,
दोन्ही टोकांना एकेक इंच मोकळा.
राजव्वा भिजवलेली पानं तिच्यात ठेवते,
ओल टिकते म्हणते.
शनिवारी रात्री काढून घेत जाईन, म्हणते.