श आणि स

दिवाडीच्या एर्मेलिंदबाईंनी गाडी दिली तेव्हा
सीटखाली कोंबडीनं अंडी घातली होती.
"कायतानच्या हातची आहे, भंगारात नको," एवढंच म्हणाल्या
आणि अंडी तेवढी काढून घेतली.

फेरीबोटीवर ढकलत चढवली,
नार्व्याला ढकलतच उतरवली.
दोन माणसांची लाल एमजी, टप नाही,
जमिनीपासून वीतभर.
तिकीटवाला म्हणाला, हिला सामान लिहू की वाहन?
पाव्हणी लिही, म्हटलं.

सव्वीस वर्षं बार्जचं इंजिन सांभाळलं मी,
सारमानसपासून मुरगावपर्यंत खनिजाचं ओझं.
एकेक सिलिंडर माझ्या छातीएवढा.
डावा कान त्यातच गेला,
उजव्याला आता जाडंभरडंच ऐकू येतं.
हे इंजिन बघून हसूच आलं,
शिलाई मशीन जणू.
आणि मग पहिलाच नट हलेना.

बारा नंबरचा पाना सैल, अकराचा बसेना.
साहेबाची मापं निराळी,
कार्बोरेटरची त्याहून निराळी,
एकाच घरात राहून वेगळी चूल.
शेवटी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
सुक्या बांगड्यांच्या पलीकडे, जुन्या लोखंडात
तीन पाने सापडले, आकडे झिजलेले.
बोटानं वाचले.

पायाखालचा गालिचा उचलला तर
पत्रा नव्हताच, थेट आमचं अंगण दिसलं.
खाऱ्या वाऱ्यानं सगळं खाल्लं होतं,
फक्त गालिचा सोडला होता, झाकायला.

गॅस्केट कुठंच मिळेना.
सुलक्षेनं शाळेचा जुना हजेरीपट काढून दिला,
"पुठ्ठा घ्या याचा. पोरं मोठी झाली आता."
कात्रीखाली आली इयत्ता तिसरी, तुकडी ब.
"पण जेट माझ्या पातेल्यात उकळायचे नाहीत."
ते मी आदल्या दिवशीच उकळले होते.

दोन कार्बोरेटर. दोघांनी सारखा श्वास घ्यायचा,
एकानं जास्त ओढला की इंजिन लंगडतं.
रबरी नळीचं एक टोक त्याच्या तोंडाशी धरायचं,
दुसरं आपल्या कानात,
आधी याचं ऐकायचं, मग त्याचं.
मी ऐकलं. दोन्हीकडे नुसती भरती.

तिला हाक मारली.
हात पुसत, वैतागत आली,
नळी कानात घातली, डोळे मिटले.
चौतीस वर्षं तिनं पोरांच्या जिभेवर अक्षरं बसवली,
ससा म्हणताना स
आणि सशाला म्हणताना श, हे का, तेही सांगितलं.
"पुढचा श म्हणतोय," ती म्हणाली, "मागचा स."

पुढच्याचा स्क्रू पाव फेरा फिरवला.
"जीभ अजून टाळूलाच. दातांशी आणा."
अर्धा फेरा.
"अति झालं."
थोडा मागे. आता?
ती बोलली नाही, बोट वर केलं,
वर्गात शांतता हवी असली की करायची तसं.
बॉनेटवरची चहाची बशी
थरथरायची थांबली.

किल्ली बंद केली तरी नळी तिच्या कानातच.
मी विचारलं, झोपताना तू माझ्या डाव्या अंगाला.
इतकी वर्षं त्या कानाशी कधी काही बोललीस?
"पुष्कळ."
काय?
नळी काढली, पदराला पुसली, गुंडाळून ठेवली.
"डॅशपॉटात तेल घालायचं म्हणत होता ना?
माझ्या मशीनचं घ्या.
बाटली मात्र जाग्यावर ठेवा."

तिन्हीसांजेला धक्क्यापर्यंत गेलो.
ती डावीकडे बसली, या गाडीत दुसरी जागाच नाही.
वाऱ्यात काहीतरी सांगत होती,
मोठ्यानं, हात हलवून,
आणि मी रस्ता सोडून तिचे ओठ बघत राहिलो,
म्हणून तो खड्डा दिसला नाही
आणि दोन्ही दिवे गेले.